फुंकरबाबांचा गुलाबी पेला

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आकडा. फुंकरबाबांना नाव नको, दुखणं नको, फक्त तपासणीतला आकडा हवा. कुणी साखरेचा आणला होता, कुणी रक्तदाबाचा. एक आजोबा चष्म्याचा नंबर घेऊन आले होते, बाबांनी तोही बिनतक्रार स्वीकारला.

आकडा ऐकला की बाबा पेल्यातल्या पाण्यात पांढरी पूड टाकत. पाणी गुलाबी होई. हा म्हणे तुमचा रोग. मग डोळे मिटून नळीने पाण्यात फुंकत आणि रंग चक्क नाहीसा होई. लोक हात जोडत. मी शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाटल्या धुतेय, मला काही हात जोडवेनात.

मी आणि त्याची बायको, माझी वहिनी, आलो होतो धाकट्या भावामागे. हा शिंपी, याला एचआयव्ही. उपचारांआधी व्हायरल लोड, म्हणजे मिलिलिटरभर रक्तातले विषाणू, आठ लाख. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ते दोन हजारांवर आले. पण दवाखान्याच्या रांगेत याला एक न्हावी भेटला. त्याची सुरुवातच नऊ हजारांची, दोन महिन्यांत रिपोर्टात विषाणू सापडेना. झालं! गोळ्या आपल्याला लागू पडत नाहीत, असं आमच्या शहाण्याने ठरवून टाकलं. सुरुवातीचा आकडा मोठा असला की खाली यायला जास्त वेळ लागतो, डोस तेवढा चुकवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं होतं. पण ऐकेल तर शपथ.

चिठ्ठीवर त्याने सुरुवातीचाच आकडा लिहिला होता. "आठ लाख? एकवीस फुंकरी," बाबा म्हणाले. "पण गोळी आणि फुंकर एका देहात नांदत नाहीत." आणि त्यांनी पायाशी ठेवलेला पत्र्याचा डबा पुढे सरकवला.

भावाने खिशातून गोळ्यांची बाटली काढली. गोळ्या सुटल्या की दोन हजारांचे पुन्हा लाखो व्हायला वेळ लागत नाही, आणि नंतर तीच गोळी चालेल याची खात्री नाही. मी गर्दीतून घुसले आणि त्याच्यासाठी गुलाबी केलेला पेला उचलला.

"बाबा, यात मी फुंकते."

मंत्राशिवाय फुंकर पाण्याला लागत नाही, असं बाबा सांगत होते तोवर मी फुंकून मोकळी झाले. पाणी स्वच्छ! बाबा जरा चपापले, मग म्हणाले की माझ्यातही दैवी अंश आहे. मग पुन्हा पूड टाकून वहिनीने फुंकलं, तिच्यातही अंश निघाला. चष्म्यावाल्या आजोबांनी खोकत खोकत फुंकलं, त्यांच्यातही. आता हॉलभर अंशच अंश झाले आणि नळीसाठी ढकलाढकली सुरू झाली.

मी स्टुलावर चढून सांगितलं. पाण्यात आधीच फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन असतं, आमच्या शाळेत त्याची बाटलीच आहे. पूड म्हणजे धुण्याचा सोडा, त्याने ते गुलाबी होतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तो रंग घालवतो. यात मंत्र नाही आणि रोग तर मुळीच नाही.

भावाचा चेहरा पडला होता. त्याच्यासमोर मी दोन पेले केले, एकात किंचित सोडा, दुसऱ्यात जास्त. म्हटलं, फुंक. पहिला लगेच साफ झाला. दुसऱ्याला त्याचा दम निघाला, पण तोही झाला.

"हा न्हावी, हा तू," मी म्हटलं. "रक्तात असा सोडा नसतो, पण गंमत समजून घे. तुझ्या गोळ्या काम करतायत. अर्ध्यात थांबलास तर?" मी चिमूटभर सोडा टाकला. पाणी पुन्हा गुलाबी.

त्याने बाटली उघडली आणि तिथेच त्या दिवसाची गोळी गिळली. बाबा मागच्या जिन्याने कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही. त्या डब्यातल्या गोळ्या ज्याच्या त्याला परत देता देता माझी संध्याकाळ झाली.

तीन महिन्यांनी भाऊ रिपोर्ट नाचवत घरी आला, विषाणू सापडला नाही. "ताई, आता बंद करू ना गोळ्या?"

बायाबापड्यांनो, हे तुम्हीही ऐका. सापडला नाही म्हणजे गेला नाही, गोळ्यांनी दाबून ठेवलाय. कुणी चमत्कार दाखवला तर आधी नळी मागा, आणि औषध सोडायचं का ते डॉक्टरांना विचारा. भावाला एवढं सांगायची माझ्यावर वेळच आली नाही. वहिनीने एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने तोंड उघडलं.