विरोधात कोण?

मिशाळरावांनी शेजारी राहणाऱ्या, कारखान्याच्या दरवानाच्या तळहातावर सणसणीत टाळी हाणली.

"ठरलं! उद्या युनियनच्या सभेत पुढाऱ्याच्या विरोधात एक जरी हात वर गेला, तर कारखान्याच्या गेटासमोर बसून ही मिशी उतरवतो."

"आणि नाही गेला तर?" कपडे वाळत घालता घालता दरवानाच्या बायकोने विचारलं.

"तर तुमच्या ह्यांनी त्यांची उतरवायची."

"ती होय? ती ओल्या फडक्यानेही निघेल!"

दरवान सोडून सगळे हसले. मिशाळराव निर्धास्त होते. बुटांच्या कारखान्यात ते कातडं कापायचे आणि सभेत पुढाऱ्याच्या बाजूने पहिला हात त्यांचाच असायचा.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात सभा भरली. बुटांना तळवे चिकटवणारी वहिनी संपाच्या दिवशी कामावर गेली होती, म्हणून तिला युनियनमधून काढायचं होतं. युनियनमधून गेलं की नोकरीही जायची. काढायला एकमत लागे. आजवर त्याची कधी अडचण आली नव्हती.

"बोला वहिनी," पुढारी म्हणाला. "काही सांगायचंय?"

"संप करायचा का, हे मला कुणी विचारलं होतं? मलाच काय, ह्यांच्यातल्या कुणाला तरी?"

"सगळ्यांच्या भल्याचा विचार करूनच मी ठरवलं."

"मग मला काढायचंही तुम्हीच ठरवा की. ह्यांचे हात कशाला बरबटवता?"

कुणीतरी खोकलं. मिशाळरावांनी हात मागे बांधले.

बाजूने भराभर हात वर झाले. "विरोधात कोण?" पुढाऱ्याने सवयीने विचारलं आणि पाण्याचा पेला उचलला.

मागून कुणीतरी मिशाळरावांचा सदरा ओढला. "अहो, खाली घ्या! मिशी जाईल!"

पुढाऱ्याने पेला खाली ठेवला. "चुकून वर गेला का हो?"

"नाही. आजवर चुकून जायचा."

सभा मोडली ती ठराव तसाच ठेवून.

संध्याकाळी गेटासमोर खुर्ची मांडली गेली. बघ्यांची ही गर्दी! न्हाव्याने वस्तरा परजला.

"थोडी ठेवू का, आठवणीला?"

"साफ कर रे बाबा. अर्धी पैज कोण हरतं?"

जिंकलेला दरवान मात्र तोंड पाडून उभा होता. वहिनी पाळीवर निघालेली, गर्दीतून वाट काढत पुढे आली. मिशाळरावांचा ओठ उघडा, पांढराफटक, पोरासारखा दिसत होता.

"भावोजी, उगाच घालवलीत."

"मिशीच ती," त्यांनी ओठ चाचपला. "परत येते."

दरवानाने गेट उघडलं.