खपलीचा पहारा

अंगावर व्रण असलेला माणूस आमच्या गडगावच्या गादीवर बसू शकत नाही. म्हणून राज्याभिषेकाआधी मुख्य मंत्री, म्हणजे बुढागोहाँइ लांगसेंग, राजपुत्राचं अंग स्वतः तपासतात. मी बेज, त्यांचा वैद्य. शंका आली तर मत देणं हे माझं काम.

चार राजपुत्रांपैकी तिघे बाद झाले होते. दोघांना देवी येऊन गेल्या होत्या, एक फणसावरून पडला होता. उरला चाओखाम कोंवर, खेड्यात झुंजीचे कोंबडे पाळणारा. त्याच्या मनगटावर तीन ताजे ओरखडे निघाले.

"कोंबड्याने ओरबाडलं, देउता," तो बुढागोहाँइंना नम्रपणे म्हणाला. "आता काय, जातो मी घरी."

बुढागोहाँइंचा चेहरा उतरला. गादी रिकामी राहिली तर सरदार एकमेकांची डोकी फोडणार होते.

मी ओरखड्यांशेजारी तांदळाचे दाणे ठेवून मोजलं. तिन्ही सारखे लांब, सारख्या अंतरावर.

"कोंबड्याला इतकं सरळ जमत नाही," मी म्हणालो. "हे बांबूच्या फणीचं काम आहे."

कोंवर जमिनीकडे बघू लागला.

"राज्य नको म्हणून फणी?" बुढागोहाँइंनी विचारलं.

"चाकूने कापायची भीती वाटली."

"बेज, व्रण राहील का?"

"खपली खाजवली नाही तर नाही राहणार. नऊ दिवस लागतील."

बुढागोहाँइंनी आपलं अंथरूण कोंवरच्या खोलीत आणवलं. एका हाताने त्याचा खाजवणारा हात धरायचा, दुसऱ्याने हुकुमांवर मोहरा उठवायच्या. आंबट माशाचा घासही तेच भरवत.

"देउता, खाज येतेय," सातव्या दिवशी कोंवर कळवळला.

"माझी पाठ तीस वर्षं खाजतेय. राज्य चाललंय ना?"

"मग तुम्हीच व्हा राजे."

"गुडघ्यावर चार व्रण आहेत. नाहीतर तुमची मनधरणी केली असती का?"

दहाव्या दिवशी खपली गळून पडली होती. मी उन्हात दोन्ही बाजूंनी पाहिलं. कातडी स्वच्छ होती. बुढागोहाँइंनी हात सोडला, तेव्हा त्यांचीच बोटं सरळ होईनात.

गादीवर बसल्यावर राजाने विचारलं, "पहिला हुकूम मोडता येत नाही ना, देउता?"

"नाही, स्वर्गदेव."

"माझे कोंबडे इथे आणा. रोज दाणा तुम्ही घालायचा."

तिसऱ्या सकाळी बुढागोहाँइ मनगट पुढे करून माझ्या दारात उभे. एकच ओरखडा होता, वेडावाकडा.

"हा मात्र कोंबड्याचा," मी म्हणालो.