मुकादमाचं माप

करार अण्णांनी केला, आणि आपल्याला तो कधीच पाळावा लागणार नाही अशा खात्रीनं केला.

"मुकादम ज्या दिवशी अंगात काहीतरी घालून कोपऱ्यापर्यंत चालेल ना, त्या दिवशी मीही घालीन. तोवर कोणी माझ्या मागे लागायचं नाही."

अण्णा म्हणजे माझे सासरे. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. सकाळपासून उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे 'आज पण उशीर?' अशा नजरेनं बघतो, म्हणून त्याचं नाव मुकादम. वय अकरा. छाती पैलवानाची, कंबर पाचवीतल्या मुलीची, आणि पाय दुसऱ्याच कुठल्यातरी कुत्र्यासाठी आणलेले असावेत इतके आखूड. अंगावर केस म्हणाल तर नावाला.

गेल्या हिवाळ्यात अण्णांच्या छातीत कफ साठला आणि अकरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. नंतर दीड महिना घरात. त्या दीड महिन्यात ते आधी आमच्याशी भांडले, मग रेडिओशी, आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळाशी. मग भांडायचेही थांबले, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा. यंदा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "गरम कपडे घालून खुशाल हिंडा. नाहीतर थंडी संपेपर्यंत घरात."

रोज सकाळी मुकादमाला घेऊन कोपऱ्यावर जायचं, तिथल्या बाकावर तीन जुन्या सोबत्यांबरोबर तासभर वाद घालायचा, हे अण्णांचं औषध. ते बंद पडलं तर माणूस आतून विझतो. हे त्यांनाही कळत होतं. पण स्वेटर म्हटलं की गाडी तिथेच अडायची.

"अडतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलीत मी. थंडी मला काय करणार? थंडीला मी या खांद्यावर वाहिलंय!" असं म्हणून ते उजव्या खांद्यावर थाप मारायचे. डाव्या हातानं.

माझी नणंद दरवर्षी वडिलांना एक स्वेटर विणून पाठवते. गळा बंद, वीण घट्ट, माया अफाट. असे तीन स्वेटर कपाटात घडी न मोडता पडले होते. पहिला बोचतो, दुसऱ्याचा रंग बायकी, तिसरा गळा आवळतो. करार झाला त्या सकाळी मी चौथ्यांदा तिसरा स्वेटर पुढे केला, तर म्हणाले, "आधी त्या मुक्या जनावराकडे बघ. तो कुडकुडतोय, त्याची कोणाला पर्वा आहे का?"

मुकादम खरंच कुडकुडत होता. आणि मग तो करार.

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कुत्र्याला कपडे? उद्या इस्त्री मागेल."

पण मी पदर खोचला. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. त्यातला एक पक्षी दुसऱ्याच्या मागे लपतोय हे मला तेव्हा दिसलं नाही.

दुकानात अण्णा मुद्दाम बरोबर आले. पराभव डोळ्यांनी बघायचा होता ना, माझा. दुकानदार पोरगेलासा, उत्साही.

"साइज काय काकू?"

"पुढून लार्ज, मागून स्मॉल."

त्यानं ढीग काढला. टोपीवाली जाकिटं, चकचकीत रेनकोट, आणि एक झालर लावलेला झगा. तो बघून मुकादमानं मान फिरवली. वर चार बुटांचं एक पाकीट.

"यातले डावे कुठले?" अण्णांनी गंभीरपणे विचारलं.

"सगळे सारखेच असतात आजोबा."

"मग त्याला कळणार कसं, कुठला पाय कुठे ते?"

शेवटी एक निळं जाकीट ठरलं. डोक्यातून घालायचं, पुढचे पाय बाह्यांत कोंबायचे. दुकानदारानं कोंबले. आणि मुकादम जो उभा राहिला, तो चौकातल्या पुतळ्यासारखा. डोळासुद्धा हलेना. बिस्कीट नाकाशी धरलं, नाही. हाक मारली, नाही. मी मागून ढकललं तर फरशीवरून तसाच, कपाट सरकावं तसा, सरकला.

"सवय होते हो," दुकानदार म्हणाला.

"कोणाला? आम्हाला का?" अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की डॉक्टरांना दाखवायला हवा होता.

नणंदेला कळल्यावर तिनं आठ दिवसांत कुत्र्यासाठी स्वेटर विणून पाठवला. वर फोन. "वहिनी, काही नाही, एकदा डोकं आत गेलं की झालं!"

डोकं आत गेलं. तिथून पुढे मुकादम उलटा चालायला लागला. कपड्यातून बाहेर पडायचा रस्ता मागच्या बाजूला आहे असं त्याचं मत पडलं असावं. उलटा चालत तो खुर्चीखालून गेला, माझ्या शिलाई मशीनच्या पायडलात घुसला आणि लोकरीचा एक धागा तिथे अडकवून आतल्या खोलीत निघून गेला. संध्याकाळपर्यंत अर्धा स्वेटर मशीनला होता आणि अर्धा कुत्र्याला.

"करार करार असतो," एवढंच अण्णा म्हणाले, आणि पातळ सदऱ्यावर फिरायला निघाले. दारातच त्यांना खोकला आला. फार नाही, दोनदाच. पण मी मोजला.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. पुढच्या खोलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणे, चेन बदलणे, बारीक झालेल्यांचे कपडे आत घेणे आणि जाड झालेल्यांचे गुपचूप बाहेर काढणे. नवं कोरं मी कधी शिवत नाही, कारण मला कोणी शिकवलं नाही. लोकांचे कपडे उसवून उसवूनच मी शिकले. पण त्या दिवशी म्हटलं, विकतचं पाहिलं, विणलेलं पाहिलं, आता आपणच बघू.

दुकानात एक कोट चार वर्षं टांगलेला होता. एका धिप्पाड माणसानं बाह्या आखूड करायला टाकला. बाह्या आखूड झाल्या, माणूस काही आला नाही. जाड, मऊ, गवती रंगाचा लोकरी कोट. त्यात एक अण्णा आणि एक मुकादम बसून वर एखादी उशी निघाली असती.

मी टेप काढली. मुकादमाची मान घेतली, पाठ घेतली. छातीसाठी पुढचा पाय उचलायला गेले तर त्यानं पाय मागे ओढला आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळं झालं.

"घाबरतोय तो," अण्णा खुर्चीवरून म्हणाले. "टेप म्हणजे काय हे त्याला काय माहीत? माझं माप घे आधी. बघू दे त्याला."

थट्टाच होती. मी पण थट्टेतच म्हटलं, "या, उभे राहा. हात वर करा."

इतकी वर्षं या घरात मी सगळ्या गल्लीची मापं घेतली. अण्णांचं एकदाही घेतलं नव्हतं. ते सदरे तयार घ्यायचे, पुढून बटणांचे.

डावा हात सरळ वर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला. मग जणू तेवढ्यासाठीच वर आला होता असा हनुवटी खाजवून खाली गेला.

"टेप गार आहे तुझी," अण्णा म्हणाले.

टेप अजून त्यांना लागलीसुद्धा नव्हती.

मी छातीचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि मान खालीच ठेवली. डोक्यात मात्र एकेक टाका उसवत होता. चहाचा कप डाव्या हातात. फळीवरचा डबा काढायला मला हाक. आणि केसांचा भांग! तीन वर्षांपूर्वी अण्णांचा भांग डावीकडून उजवीकडे गेला होता, आणि आम्ही सगळे हसलो होतो की म्हातारपणी फॅशन सुचली. अहो, कंगवा डाव्या हातात गेला होता. अडतीस वर्षं ज्या खांद्यानं बर्फाच्या लाद्या वाहिल्या, तो खांदा आता डोक्यापर्यंत हातच जाऊ देत नव्हता. आणि आम्ही दरवर्षी डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांच्यापुढे धरून म्हणत होतो, हट्टी आहेत!

आणि हे एका शिंपिणीच्या घरात. लोकांच्या खांद्यातला बोटभर उतार मला लांबून दिसतो.

विचारलं असतं तर ते मेले तरी कबूल झाले नसते. थंडीला खांद्यावर वाहिलेल्या माणसाला 'तुमचा खांदा धरलाय का' असं कसं विचारायचं? मी विचारलं, "मुकादमाला डोक्यातून घालायचं आवडत नाही, नाही का?"

"कोणाला आवडेल?" अण्णा एकदम म्हणाले. "गुदमरतं माणूस. म्हणजे, जनावर."

"आणि हातपाय वर करायलाही नको."

"अजिबात नको."

"मग दोघांचं तसंच शिवते."

"दोघांचं कशाला? करार विसरलीस का?"

"कापड उरेल हो. वाया कशाला घालवायचं?"

तीन दिवस लागले. मुकादमाचं सोपं होतं: पाठीवर पांघरल्यासारखं कापड, छातीवर एक पट्टा, पोटाखालून एक. डोकं कुठे घालायला नको, पाय कुठे कोंबायला नको. कोटाचा खिसा नेमका त्याच्या पाठीवर आला, तो मी राहू दिला. अण्णांच्या जाकिटात मात्र मी जीव ओतला. पुढून पूर्ण उघडं, उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडायचं तोंड, चांगला चार बोटं मोठा, बगलेत हात मोकळा राहावा म्हणून जादा कापडाची कळी, आत गुळगुळीत अस्तर. हात खाली सोडलेला असतानाच बाही आपोआप चढावी अशी.

पहिल्या दिवशी मुकादमाला अंगणात नेलं आणि दोन मिनिटांत परत आणलं. पोटाचा पट्टा मी फार मागे घेतला होता. मुकादमानं झाडाशी पाय वर केला, आणि सगळा कारभार पट्ट्यावर. चाळीस वर्षं माणसांचे कपडे करणारीला हे माप घ्यायचं सुचतंय कुठे? अण्णा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी पट्टा धुतला, उसवला आणि चार बोटं पुढे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी परीक्षा. आमचे हेसुद्धा वर्तमानपत्र ठेवून उभे राहिले. मी मुकादमाला कोट पांघरला, पट्टे लावले आणि दार उघडलं. मुकादम उंबऱ्यावर उभा राहिला.

आणि पुन्हा पुतळा.

"झालं," अण्णा म्हणाले. पण या वेळी आवाजात तो उजेड नव्हता. बाहेर धुकं होतं. कोपऱ्यावरचा बाक दिसत नव्हता. तिथे तिघं वाट बघत असणार, आणि आज मी सदऱ्यावर सोडणार नाही हे अण्णांना माझ्या तोंडावरून कळलं होतं. "नाही चालत तो. संपला विषय."

"तुम्ही घालून दाखवा," मी म्हटलं. "तो तुमचं बघून शिकतो. माप घेतानासुद्धा तुम्हीच म्हणालात."

त्यांनी माझ्या हातातल्या जाकिटाकडे नेहमीच्या वैरानं बघितलं. मग ते पुढून उघडं आहे हे दिसलं. मग तो मोठा मुंढा. त्यांनी त्यात बोटं घालून बघितली, कळी चाचपली, आणि माझ्याकडे बघितलं.

मी त्याच वेळी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा पहिल्याच खेपेला गेला होता, पण मी तो काढून पुन्हा ओवला. यांना कोपरानं ढोसलं, तेव्हा हेही पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

मागे नुसती अस्तराची सळसळ ऐकू आली. एक बाही. मग दुसरी. मग चेन.

"हं," अण्णांचा आवाज आला. "आण ती साखळी."

त्यांच्या हातात साखळी आलेली बघितली मात्र, मुकादमाचा एक कान हलला. मग एक पाय. पहिली दहा पावलं तो तिरका चालला, बाजूनं कोणीतरी ढकलत असल्यासारखा. फाटकापाशी पोचेपर्यंत तो सरळ झाला, आणि बाहेर पडता पडता दूधवाल्याकडे उशीर झाल्याच्या नजरेनं बघण्याइतका सावरलाही.

"बघितलंस?" अण्णा धुक्यातून ओरडले. "जनावराला समजावून सांगावं लागतं!"

आता बाकावर ते सगळ्यांना सांगतात की त्यांना स्वतःला थंडी मुळीच वाजत नाही, पण कुत्र्याच्या सोबतीसाठी एवढं करावं लागतं. चष्म्याचं घर मुकादमाच्या पाठीवरच्या खिशात असतं. "त्याला खिसा आणि मला नाही," ही तक्रार मी रोज ऐकते आणि रोज "बघू" म्हणते.

काल दुपारी मी चेन बसवत होते तेव्हा ते दुकानात आले. काखेत नणंदेचे तिन्ही स्वेटर.

"हे पुढून कापून उघडे करता येतील का गं? पोरीनं एवढं विणलंय, उगाच कपाटात पडलेत."

"येतील की. कोणासाठी?"

"मुकादमाला होतील."

मुकादम उंबऱ्यावर होता. त्यानं मागे वळून बघितलं आणि परत रस्त्याकडे तोंड केलं.

"चेन लावू का बटणं?" मी विचारलं.

"बटणं लाव." अण्णा जरा घुटमळले. "मोठी लाव. डाव्या हातानं लावता आली पाहिजेत."

मी वहीत मुकादमाच्या नावापुढे लिहून घेतलं: मोठी बटणं, डावखुरा.