डेझ्लीचा उजवा हात

"सगळं काढा. मुळासकट काढा," क्लॅरीने सांगून टाकलं. डॉक्टरांनी अजून त्याला काही विचारलंही नव्हतं.

डॉक्टर मॅकिनस बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्टर टफनेल, आधी तुमच्या बायकोला काय वाटतं ते ऐकू या?"

"तिला काय वाटायचंय? रोग काखेत गेलाय तिच्या! उसाला काणी लागली की आम्ही एक कांडं उपटून घरी जात नाही, बाई. अख्खं बेट खणतो आणि जाळतो."

"मी ऊस नाहीये, क्लॅरी," डेझ्ली म्हणाली. "आणि तू शेतात नाहीयेस. टोपी काढ."

क्लॅरीने टोपी काढून मांडीवर ठेवली. गप्प बसणं त्याला जमत नसे, म्हणून टोपीची कड चुरगाळत राहिला.

डेझ्ली टफनेल गावच्या जलतरण तलावावर मुलांना पोहायला शिकवत असे. गावातला आज मिशी फुटलेला कुठलाही गडी घ्या, तो कधी ना कधी डेझ्लीच्या उजव्या तळहातावर पोट टेकून रडलेला असायचाच. जन्मभर ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि वरून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं ऊन खात राहिली. टोपी घाला, मलम लावा, म्हणून पोरांवर खेकसायची. स्वतःचे खांदे मात्र उघडेच. दुसऱ्याला शहाणपण शिकवणं नेहमीच स्वस्त पडतं.

उजव्या खांद्यामागचा तीळ तिला दिसणार तरी कसा? तो दिसला एका पोराच्या आईला. "डेझ, हा गेल्या उन्हाळ्यात एवढा काळा नव्हता हं," ती म्हणाली. तीळ काढून तपासला तर मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला. मग भोवतालची कातडी कापली, आणि रोग पुढे सरकलाय का हे पाहायला काखेतली पहिली ग्रंथी काढली. त्या ग्रंथीत थोड्या वाईट पेशी सापडल्या. आता पुढे काय, हे ठरवायला नवराबायको टाउन्सव्हिलच्या मोठ्या दवाखान्यात आले होते.

मेलॅनोमा हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डेझ्ली पार हबकून गेली होती. चुलीपाशी उभी राहून तिने पोटभर रडून घेतलं आणि मग तोंड धुतलं. पोर घाबरलं की ती त्याला नेहमी विचारायची, नक्की कशाला घाबरतोस, पाण्याला की खोलीला? तोच प्रश्न तिने स्वतःला विचारायला सुरुवात केली. मरणाला ती घाबरत होतीच. पण काही न समजता कुणाच्या तरी मागून फरपटत जायला ती त्याहून जास्त घाबरत होती.

"काखेतल्या उरलेल्या सगळ्या ग्रंथी काढल्या, तर मी जास्त जगेन का?" तिने विचारलं.

"तसं दिसलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काढल्या काय किंवा नुसतं लक्ष ठेवलं काय, माणसं सारखीच जगली. काढल्या तर काखेत रोग परत यायची शक्यता कमी होते, हे मात्र खरं."

"आणि माझ्या हाताचं काय?"

"साधारण चारातल्या एकीचा हात सुजतो. जड होतो. काहींचा मग कायमचाच तसा राहतो."

"म्हणजे तिघींना काही होत नाही!" क्लॅरी उसळला.

"पणाला हात माझा लागलाय, तुझा नाही," डेझ्ली म्हणाली, आणि पुन्हा डॉक्टरांकडे वळली. "राहू दिल्या आणि तिथे परत आलं तर?"

"म्हणून तर दर काही महिन्यांनी सोनोग्राफी करायची. आलं तर तेव्हा काढू. तेव्हाचं ऑपरेशन आजच्यापेक्षा अवघड असू शकतं, हे मी लपवत नाही. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी वर्षभर सलाइनमधून एक औषध घेता येईल. शरीराने स्वतःच रोगाशी लढावं म्हणून ते असतं. त्याने रोग परत येण्याचा धोका कमी होतो. पण त्यापायी आतडी बिघडू शकतात, थायरॉइड बंद पडू शकतं. कधीकधी ते पुन्हा सुरू होत नाही."

"थायरॉइड गेलं तर गोळी असते ना?"

"असते. रोज, जन्मभर."

"आज उत्तर द्यायलाच हवं का?"

"मुळीच नाही. घरी जा, भांडा, मग फोन करा."

भांडायला घरापर्यंत थांबावं लागलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि क्लॅरी स्टीअरिंगवर मुठी आपटत होता.

"नेव्हसुद्धा असाच म्हणायचा, बघू, बघू! कारखान्याचा हंगाम संपू दे, मग जातो डॉक्टरकडे! हंगाम संपला आणि भाऊ संपला माझा."

"नेव्हने डॉक्टरचं तोंडच पाहिलं नाही. मी कातडी कापून घेतली, ग्रंथी काढून घेतली, उद्या सांगतील तेव्हा काख दाखवायला जाईन. बघू म्हणणं वेगळं आणि लक्ष ठेवणं वेगळं, क्लॅरी."

"ठरवलंस म्हणजे तू."

"ठरवलं. औषध घेणार. ग्रंथी राहू देणार."

"त्या पोरांसाठी!"

"माझ्यासाठी. त्या हाताने मी आयुष्यभर काम केलंय. आयुष्य वाढत असतं तर आज दिला असता कापायला. वाढत नाही म्हणतात, मग कशाला देऊ?"

क्लॅरीने गाडी बांधाला लावली. इंजिन बंद केलं.

"आणि तू मेलीस तर मी काय करू, डेझ?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्याने असलं काही कधी विचारलं नव्हतं.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "कापून घेतलं असतं तरी ते कळलं नसतं."

त्यानंतर बरेच दिवस तो कामापुरतंच बोलला. पण सलाइनच्या प्रत्येक दिवशी गाडी पहाटेच दारात लावलेली असायची, आणि तिच्या उशीचा अभ्रा बदललेला असायचा. औषधाने डेझ्लीला चांगलंच पिदाडलं. थायरॉइड गेलंच. गोळी सुरू झाली. सोनोग्राफीत मात्र पहिल्या दोन्ही वेळा काही निघालं नाही. तिसरी व्हायची होती.

उन्हाळ्यात तलाव उघडला तेव्हा ती लांब बाह्यांचा पोहायचा सदरा आणि टोपलीएवढी टोपी घालून पाण्यात उतरली. पोरं हसली. तिने हसू दिलं.

एका संध्याकाळी शेवटचं पोर घरी गेलं तरी काठावर कुणीतरी बूट काढत होतं. तो क्लॅरी होता. या माणसाला पोहता येत नसे, आणि बायकोने शिकवलेलं त्याला चालणार नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कामाच्या चड्डीनिशी तो पायऱ्या उतरला, बाजूचा दांडा घट्ट धरून.

"हात बघू," तो म्हणाला.

"बघायचा काय त्यात? पाठ टेक त्यावर."

"पेलेल?"

"कान पाण्यात जाऊ दे. मान सैल सोड. अरे, सैल म्हटलं!"

तो आडवा झाला. उसाच्या मोळ्या उचलून रुंद झालेली ती पाठ तिच्या उजव्या तळहातावर आली. क्लॅरी डोळे फाडून आभाळाकडे पाहत होता. हळूहळू त्याचे पाय वर आले, मुठी उघडल्या. डोळ्यांच्या कडांतून काहीतरी ओघळून कानांपाशी पाण्यात मिसळलं.

"सोडू नकोस," तो म्हणाला.

पोरांच्या बाबतीत डेझ्ली नेमक्या याच वेळी, त्यांना कळू न देता, हात काढून घेत असे. क्लॅरीच्या पाठीखालचा हात तिने काढला नाही.