डाव्या हातातला सुनेला

छप्पन साली आपला भाग मुंबईच्या राज्यात गेला त्या कार्तिकातली गोष्ट. कुरखेड्याच्या गुणवंतरावांनी धान कापायला निघता निघता देवघरातली पिवळ्या खड्याची अंगठी उचलली. गुरुवार होता. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, आणि त्यांची एकुलती लेक वच्छला, शाळेतली मास्तरीण, अजून घरीच होती.

अंगठी तिच्यासाठीच केलेली. मार्कंड्याच्या जत्रेत ज्योतिषानं सांगितलं होतं, गुरू रुसलाय, पुष्कराज घाला, पोरगी वर्षाच्या आत उजवते. खडा कातडीला टेकला तरच गुण येतो, म्हणून सोनारानं त्याच्याखालची बैठक मुद्दाम उघडी ठेवली होती. वच्छलानं मात्र अंगठीला बोट लावलं नव्हतं.

"हा पुष्कराज नाईच, बाबाजी. सुनेला म्हनतेत याले. गारगोटीच्या घरचा."

"नाव काईबी असू दे. पिवळा आहे नं?"

"पुस्तकात लिहिलं आहे का खरा पुष्कराज..."

"तुह्या पुस्तकात नवरा भेटते का, बाई?" ओसरीवरून तिचे चुलते लटारूकाका म्हणाले. गुणवंतराव पोट धरून हसले.

"तू नाई घालत तं मी घालतो. लेकीसाठी बापानं डाव्या हातात घातला तरी चालते म्हनते." त्यांनी अंगठी तर्जनीत सारली.

"विळा चालवाले चालले नं? काढून ठेवा."

"गुरुवारी घातलेला खडा काढत नसतेत."

धान कापताना डाव्या मुठीत पेंढी आवळून धरावी लागते. अंगठीमुळे मूठ नीट मिटेना. पेंढी निसटली आणि विळा बोटाला चाटून गेला. धानाच्या बांधीतला चिखल झटकून त्यांनी जखमेवर हळद दाबली, संध्याकाळी हसत हसत लेकीला बोट दाखवलं, आणि तिनं वाढलेलं पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात जेवताना त्यांचा जबडा उघडेना. मग पाठ धनुष्यासारखी ताणली. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली. वैनगंगेच्या अलीकडेच ते गेले.

खडा चितेवर जाऊ देत नाहीत. लटारूकाकांनी सुजलेल्या बोटाला तेल चोळून अंगठी काढली, धुतली आणि वच्छलाच्या हातावर ठेवली.

"आता तरी घाल, माय. भाऊचा जीव अडकला होता यात. पुस्तकं ठेव बाजूला."

बायांनी माना डोलावल्या. पुस्तकांनी पोरगी नासवली, हे गावानं कधीचंच ठरवलेलं. वच्छलानंही ते खोडून काढलं नव्हतं. आडोसा बरा होता. आई गेल्यापासून वच्छला समोर बसल्याशिवाय गुणवंतराव घास उचलत नसत. ती शाळेतून उशिरा आली की ताट झाकून दारात उभे. त्या दारातून हळदीच्या अंगानं निघायचं, हे तिच्या डोळ्यांपुढे कधी येतच नव्हतं. ते सांगायचं कसं? त्यापेक्षा खड्याचं नाव चुकलंय म्हणणं सोपं होतं.

तिनं अंगठी मुठीत धरली. तिरडी उचलायला माणसं वाकली, तशी ती पुढं झाली आणि बापाच्या उशाशी बसली.

"बाबाजी," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पुष्कराज असता तरी मी घातला नसता. मले लगीन नोतं कराचं. तुमाले एकटं टाकून मले कुठीच जाचं नोतं."