मागखात्यातलं बोलणं

गिरणीच्या मागखात्याच्या दारापाशी वर्गातल्या सगळ्या मुलांनी कानांत कापसाचे बोळे कोंबले. तिनं मात्र दोन्ही कानांतली श्रवणयंत्रं काढून डबीत ठेवली. ऐंशी माग एकदम धडधडत होते. यंत्रांतून नुसता खरखराट आला असता.

सरांनी तिच्याकडे काळजीनं पाहिलं. इथल्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा तिचा अर्ज त्यांच्या खिशात होता, सही न झालेला. येताना बसमध्ये ते म्हणाले होते, "हट्ट करू नकोस गं. मागून कुणी हाक मारली तर? ऑफिसात डिझाइनचं काम शीक. आज बघ, आणि तूच सांग मला." माणूस मायाळू, त्यामुळे भांडताही येईना.

आत सरांनी मुलांना एका मागापुढे गोळा केलं आणि घसा ताणून शिकवायला सुरुवात केली. मुलं माना डोलावत होती, पण वह्या कोऱ्या होत्या. सरांचं तोंड मागाकडे, ओठ दिसेनात, त्यामुळे तिलाही काही कळेना. म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं.

डावीकडच्या मागावर एक मावशी होत्या आणि चार माग पलीकडे जाड चष्म्याचे एक काका. दोघं गप्पा मारत होते. आवाज न काढता, ओठ मोठे करून, भुवया आणि हात नाचवत.

"मास्तरांचा गळा बघा," काका म्हणत होते, "बेडूक गिळल्यासारखा फुगलाय."

"गप बसा. पोरं शिकायला आलीत."

"शिकतायत कसली? तो लंबू उभ्या उभ्या झोपलाय."

तिनं वळून पाहिलं. लंबू खरंच पेंगत होता. ती खुदकन हसली.

मावशी चमकल्या. "तुला कळलं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. काकांनी जीभ चावली आणि दोन्ही कान पकडले.

"कुठल्या गिरणीत शिकलीस गं हे?" मावशींनी विचारलं.

"घरीच. मला लहानपणापासून ऐकू येत नाही."

"अगं, मग इथं आमचं तरी काय वेगळं आहे?" मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात मावशींच्या मागावरचा लाल दिवा लागला आणि माग थांबला. त्यांनी तिला जवळ बोलावलं. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पत्री लटकलेली होती. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप बंद होतो. त्यांनी चुटकीसरशी गाठ मारली, पत्री जागेवर बसवली, माग सुरू केला. तिनं ते सगळं चित्र काढून लिहून घेतलं. मग जरा थांबून विचारलं,

"मागून कुणी हाक मारली तर?"

मावशी पोट धरून हसल्या. "इथं हाक कोण मारतंय? आम्ही सारखं वळून बघतो. नवी पोरं कानांवर विसंबून राहतात. ती खोड मोडायलाच महिना जातो."

तेही तिनं लिहिलं. लंबूनं वही ओढून घेतली, मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. फिरत फिरत ती सरांच्या हातात गेली. त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली.

बाहेर अंगणात आल्यावर तिनं यंत्रं पुन्हा कानांत बसवली. सर मात्र डोकं झटकत होते. आपल्या वाटचा कापूस त्यांनी एका मुलाला देऊन टाकला होता.

"सर, मला इथंच शिकायचंय."

"काय? कान गच्च बसलेत गं माझे."

ती त्यांच्यासमोर आली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मला. इथंच. शिकायचंय."

सर डोळे बारीक करून तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"पुन्हा एकदा म्हण."

ती पुन्हा म्हणाली.

सरांनी खिशातून अर्ज काढला आणि ते कागद टेकवायला काहीतरी शोधू लागले. ती वळली आणि जराशी वाकून तिनं पाठ पुढे केली. पेनाचं टोक पाठीवर टेकलं, क्षणभर थांबलं, आणि मग सहीची लांब रेघ तिला खांद्यापर्यंत जाणवली.