चार गॅलनचा माणूस

सामार बेटावर माडी पिण्यात पोन्सोचा हात धरणारा कुणी जन्मला नाही. चार गॅलन रिचवून गडी नाकासमोर घरी जायचा. रस्ता वाकडा असला तर रस्ताच सरळ व्हायचा. मी पाहिलंय.

एका दुपारी त्याचा हर्निया अडकला. जांघेत नारळाएवढी गाठ आली. होडीतून इस्पितळात नेला, मागोमाग निम्मं गाव. आतडं काळं पडायच्या आत ऑपरेशन करायला हवं होतं.

भूल देणाऱ्या डॉक्टर अब्रेनिका वयानं लहान. त्यांनी विचारलं, "आजोबा, माडी किती घेता?"

दारात गाव उभं. पोन्सो कण्हत म्हणाला, "चार गॅलन. सणाला सहा."

"खरं सांगा. पिणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागतं. न पिणाऱ्याला तेवढं दिलं तर तो उठायचा नाही."

"चार म्हटलं ना. भरा सुई."

त्या सुई भरू लागल्या. पोन्सोला घाम फुटला, पण शब्द फिरवला नाही. तेव्हा त्याची बायको सिया पुढे आली.

"डॉक्टर, चाळीस वर्षं हा मेला पेला नुसता ओठाला लावतो आणि खांबांवरच्या आमच्या घराच्या फळ्यांच्या फटीतून खाली ओततो. खाली आमची डुकरं असतात. त्यांना विचारा किती घेतात ते."

"म्हातारीला भ्रम झालाय," पोन्सो म्हणाला. "भरा चारची."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "ह्यांना झोपवण्याइतकं औषध अख्ख्या बेटावर नाही. पाठीत सुई देते. कंबरेखाली बधिर, वर जागे."

गाव खूश झालं.

मग काय, सर्जन आतडं आत सारतात आणि हा वर किस्से सांगतोय. स्वतःच हसायचा, की आतडं पुन्हा बाहेर. शेवटी डॉक्टर अब्रेनिका कानाशी वाकल्या. "आजोबा, गप्प बसा. नाहीतर न पिणाऱ्याच्या मात्रेत झोपवीन, आणि तुम्ही झोपलेले सगळ्यांना दिसाल."

पोन्सोनं ओठ मिटले. टाके पडले.

त्यांनी त्याला जन्मभर माडी बंद केली. म्हातारा आयताच सुटला, असं वाटेल तुम्हाला. छे. टाके ओले असतानाच तो चारचौघांत गरजला, "मी कुठल्या डॉक्टरला भीत नाही. ओता."

घराखाली डुकरं आधीच येऊन बसली होती.